सत्तावीस नंबरच्या दोघी

अकरावीच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा मी आता पुस्तकातल्या उदाहरणांवरच शिकवते. मुलांना घरातलं काही विचारत नाही. नव्यानं लागलेल्या एक मॅडम मला म्हणाल्या, "घरचं उदाहरण दिलं की पोरांना पटकन कळतं, तुम्ही का देत नाही?" मी हसून खडू उचलला. का देत नाही, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचं कॉलेज सांगलीबाहेर, कुपवाडच्या वाटेवर. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील तिथल्या कारखान्यांत जातात. पहिला तास सुरू होतो तेव्हा पाळी सुटलेली असते आणि रस्त्यावरून दुचाक्यांची रांग जात असते. तो आवाज ओसरेपर्यंत मी फळ्यावर लिहीत राहते, बोलत नाही. वर्षानुवर्षं फळ्यावरची वाक्यं तीच. माणसाच्या गरजा अमर्याद, साधनं मर्यादित. म्हणून निवड करावी लागते. एक निवडलं की दुसरं सुटतं, आणि सुटलेल्यातलं जे सगळ्यात मोलाचं, तो आपल्या निवडीचा संधी खर्च. "रुपया खर्च न करताही हा खर्च होत असतो," हे वाक्य मी जरा आवाज चढवून सांगायची. मला ते वाक्य आवडायचं.

काही वर्षांपूर्वी एकदा मी मुलांना सांगितलं, तुमच्या घरातली एक निवड लिहून आणा. काय निवडलं, काय सोडलं. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला. ऊस लावला, सोयाबीन सोडलं. मॅच बघितली, अभ्यास सोडला. एकाच्या चुलत्यानं मिलिटरी निवडली आणि गाव सोडलं. वह्या चाळता चाळता सत्तावीस नंबरची वही हातात आली. तिच्यात दोनच ओळी होत्या.

"मी रोज कॉलेजला येते. माझा संधी खर्च माझी ताई आहे."

इतक्या वर्षांत असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. मी उभी राहिले आणि त्या दोन ओळी वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवल्या. सत्तावीस नंबर तिसऱ्या बाकावर बसायची, बारीक चणीची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजली.

"याला म्हणतात उत्तर," मी म्हणाले. "हिला धडा कळला."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. ताई काय करते, घरी का आहे, मी काही विचारलं नाही. वही मिटून पुढची उघडली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी सत्तावीस म्हटलं आणि "हजर, मॅडम" ऐकू आलं. आवाज वेगळा होता, थोडा जाड. मी वर पाहिलं. तिसऱ्या बाकावर तोच चेहरा होता, तसेच डोळे, तसंच कपाळ. फक्त गालफडं वर आलेली आणि अंगातला गणवेश मनगटाशी चार बोटं आखूड. एका रात्रीत ही मुलगी मोठी झाली की काय, असं क्षणभर वाटलं. वर्गात कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

"तू कोण?"

ती उभी राहिली. "मी तिची थोरली भैन, मॅडम. ती घरी हाय. आजपास्नं मी येनार."

"असं कसं चालेल? ती का नाही आली?"

"तुमी काल वर्गात वाचून दाखवलं ते तिनं घरी येऊन सांगितलं. म्हनाली, ताई, समद्या वर्गाला कळलं, आता मी कशी जाऊ? आता तू जा." तिनं आखूड बाही खाली ओढली. "मी न्हाई म्हनत हुते. तिनं माझ्या अंगावर गणवेश टाकला."

तिची आई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली होती. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. तेव्हा ही थोरली दहावीत होती. चांगल्या मार्कांनी पास झाली आणि त्याच जूनपासून घरी बसली. वडील कुपवाडला कारखान्यात पाळ्या करायचे. घरात आणखी कुणी नव्हतं. हे सगळं तिनं चार वाक्यांत सांगितलं आणि खाली बसली.

मी तिला घरी पाठवायला हवं होतं. नियम तसा होता. हजेरीपटात सत्तावीस नंबरपुढे धाकटीचं नाव होतं. पेन हातात घेऊन मी थोडा वेळ थांबले आणि त्या चौकोनात हजेरी मांडली.

मग रोजच तसं होत गेलं. मी सत्तावीस म्हणायची, थोरली हजर म्हणायची. वहीसुद्धा तिनं धाकटीचीच आणली होती. त्या दोन ओळींच्या खाली एक रेघ मारून तिनं आपलं लिहायला सुरुवात केली. अक्षर धाकटीपेक्षा सुबक होतं. मी शिकवत असताना ती डोळे न हलवता ऐकायची, जणू कुणी मध्येच उठवून नेईल अशी भीती असल्यासारखी. मागणीचा नियम शिकवला त्या दिवशी तिनं पहिल्यांदा हात वर केला.

"मॅडम, 'इतर परिस्थिती स्थिर असताना' म्हंजी काय?"

"म्हणजे असं समज, की किंमत तेवढी बदलली, बाकी सगळं आहे तसंच राहिलं. माणसांच्या आवडी, उत्पन्न, घरातली माणसं, काहीच बदललं नाही."

"पन असं कवा असतं?"

"कधीच नसतं," मी म्हणाले. "शिकण्यापुरतं धरून चालायचं."

तिनं मान हलवली आणि लिहून घेतलं.

माझा दुसरा तास अकराच्या आसपास असायचा; अकरा वाजले की मात्र तिला काहीतरी व्हायचं. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी फळ्यापासून वळले होते. तिची नजर फळ्यावर होती, पण दोन्ही हात बाकावर हलत होते. एक हात खाली सरकवल्यासारखा, दुसरा वरून धरल्यासारखा, आणि मग दोन्ही हळूच आपल्याकडे ओढल्यासारखे. तिला स्वतःला ते कळत नसावं. शेजारची मुलगी घाबरून बाजूला सरकली. नंतर कधीतरी मी विचारलं, तेव्हा म्हणाली, आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लागतं, न्हाईतर पाठ सोलवटती. नवाला, अकराला, एकाला. त्या बाकाच्या रिकाम्या फळीवर रोज अकरा वाजता कुणाला तरी वळवलं जायचं आणि मी तिकडे न बघता पुरवठ्याची रेषा काढायची.

दोनेक आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात तुळस, धुतलेल्या चादरी दोरीवर. धाकटीनं दार उघडलं. मला पाहून तिला आनंद झाला नाही आणि रागही आला नाही.

"या मॅडम. बसा."

आई खाटेवर होती. चेहरा एका बाजूला उतरलेला, पण डोळे जागे होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग माझ्या मागे दाराकडे, आणि दाराकडेच पाहत राहिली.

"ताईला हुडकती," धाकटी म्हणाली. "दिवसभर असंच. माझ्या हातनं खात न्हाई. तोंड मिटून घेती. मी चमचा लावला की दात आवळती. ताई आली की मग खाती."

"मग तू परत ये कॉलेजला. मी बोलते ताईशी."

"न्हाई मॅडम." ती चादरीची घडी घालत होती. "तीन वर्सं ताईनं केलं. मी शाळंत जायची आन् आल्यावर तिला ईचारायची, आज काय केलंस? ती म्हनायची, काय न्हाई. मला खरंच वाटायचं, काय न्हाई. तुमी ते शिकवलं तवा मला कळलं, ते 'काय न्हाई' काय हुतं."

तिनं मांडलेलं चुकीचं नव्हतं. मीच शिकवलेलं होतं ते, पायरी न पायरी. उठताना मी आईच्या डाव्या हातावर हात ठेवला. तिनं तो जिवंत हात हळूच काढून घेतला.

त्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी, तास अर्ध्यावर आला असताना, शिपाई दारात आला.

"मॅडम, सत्तावीस नंबरला पाठवा. घरनं फोन हाय."

थोरली उठली. दप्तर, वही काही घेतलं नाही. गेटवर शेजारचे कुणी दुचाकी घेऊन उभे होते. तिच्या चपलांचा आवाज मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आला. मी फळ्याकडे वळले आणि वाक्य कुठं तोडलं होतं ते मला आठवेना.

दवाखान्यात पोचण्याआधीच आई गेली होती. धाकटी मऊ भात भरवत होती, घास श्वासनलिकेत गेला. डॉक्टरांनी सांगितलं, अशा रुग्णांच्या गिळण्यातच जोर राहत नाही, हे आज ना उद्या कुणाच्याही हातून झालं असतं. कुणाच्याही हातून, हे शब्द त्यांनी दोनदा म्हटले म्हणे. पण हात एकीचाच होता. दुसरी त्या वेळी माझ्यासमोर बसली होती, धाकटीच्या नंबरावर हजेरी मांडून.

मी गेले तेव्हा दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकमेकींकडे बघत नव्हत्या. खाट बाहेर काढून उभी केली होती. वडील मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी बोलायचा प्रयत्न केला. "माझ्यामुळं..." एवढंच म्हणता आलं.

"न्हाई मॅडम," ते म्हणाले. "पोरींनी आपसात ठरवलं. मला बी दोन दिसांनी कळलं. मी अडवलं न्हाई." गमछ्यानं त्यांनी तोंड पुसलं. "थोरली कालेजातनं आली की बोलत बसायची. हे शिकले, ते शिकले. तीन वर्सांत तिचा आवाज ऐकला नव्हता मी असा. कसं अडवायचं? तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट घेऊन प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. मला वाटलं लेखी खुलासा मागतील. पण त्यांनी आपलं लाल पेन माझ्यापुढे सरकवलं.

"खोडा," म्हणाले. "आणि पुढच्या जूनला त्या थोरलीला रीतसर प्रवेश द्या. फॉर्म तुम्ही स्वतः भरून घ्या."

मी एकेक चौकोन खोडत गेले. कुणाची गैरहजेरी मांडते आहे, ते मला कळेना.

तेराव्यानंतर धाकटी वर्गात आली. आपल्याच नंबरावर, आपल्याच आवाजात हजर म्हणाली. ती माझ्या तासाला कधी बोलली नाही, कधी गैरहजरही राहिली नाही. वार्षिक परीक्षेत तिनं सगळा पेपर सोडवला. संधी खर्च स्पष्ट करा, या प्रश्नाचा क्रमांक लिहिला होता आणि त्याच्याखाली अर्धं पान कोरं ठेवलं होतं. तपासताना मी त्या कोऱ्या जागेवर किती वेळ थांबले असेन, देव जाणे. मग शून्य मांडलं.

जूनमध्ये थोरली अकरावीत आली, स्वतःच्या नंबरावर. धाकटी बारावीत गेली. सकाळी दोघी एकत्र यायच्या आणि गेटपाशी वेगळ्या व्हायच्या. आता घरी थांबायला कुणी लागत नव्हतं. साधनांची टंचाई सुटली होती, पुस्तकाच्या भाषेत सांगायचं तर. हे वाक्य माझ्या मनात आपोआप आलं, त्या दोघींना गेटातून येताना बघून, आणि मला स्वतःची किळस आली.

त्या दिवाळीत मी लोणंदला माझ्या ताईकडे गेले. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. आमचं माहेर उंब्रजजवळचं. वडील म्हणाले होते, एकीलाच बाहेर ठेवून शिकवता येईल, दुसरी घरात लागेल. ताईची नववी झाली आणि ती म्हशी, स्वयंपाक, आजारी आजोबा यांत राहिली. मी साताऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकले. सुट्टीत आले की तिला इकडचं तिकडचं सांगायची. ती ऐकायची. सत्तावीस नंबरचं उत्तर मी एवढ्या कौतुकानं वाचून दाखवलं, तेव्हा हे सगळं माझ्याच घरात घडलंय, हे माझ्या ध्यानीही आलं नव्हतं. हजेरीच्या चौकोनावर पेन थांबलं तेव्हा मात्र कुठंतरी आलं असावं.

ताई मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "ताई, माझ्यासाठी तू शाळा सोडलीस. तुला कधी वाईट वाटलं?"

तिचे हात थांबले नाहीत. "तुझ्यासाठी म्हणून कुणी सांगितलं? मला शाळा आवडतच नव्हती."

"खरं?"

"अगं, खोटं कशाला बोलू? गणित म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं." तिनं काड्या एका बाजूला केल्या. "आणि आता विचारून काय करणार आहेस तू?"

माहेरी तिच्या कपाटाच्या खालच्या खणात तिच्या नववीच्या वह्या मी लहानपणी पाहिल्या होत्या, खाकी कागदाचं कव्हर घातलेल्या. त्यात गणिताची वही होती, आणि त्यात लाल शाईत 'उत्तम'चे एकावर एक शेरे होते. ते मी तिला बोलले नाही. तिला जे म्हणायचं होतं ते म्हणू दिलं. परतीच्या गाडीत बसल्यावर वाटलं, तीस वर्षं हेच तर करत आलेय मी.

बारावीनंतर धाकटी पुण्याला गेली, शिकत शिकत नोकरीला लागली. थोरलीनं बीए केलं आणि कुपवाडलाच एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. थोरली भेटायला यायची, पेढे घेऊन. धाकटी कधी आली नाही. मला वाटायचं, तिनं मला माफ केलेलं नाही आणि ते बरोबरच आहे.

मग एकदा सांगली स्टँडवर ती दिसली. आईच्या श्राद्धाला आली होती, परत निघाली होती. मी तोंड फिरवायच्या बेतात होते, पण तीच उठून माझ्याजवळ आली. बाकावर दोघी बसलो. तिची पुण्याची गाडी लागायला वेळ होता. थोडा वेळ तिच्या नोकरीचं, भाड्याच्या खोलीचं बोलली. बोलणं आता शहरी झालं होतं. मग एकदम म्हणाली, "मॅडम, एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही. तुम्हाला सांगू?"

"सांग."

"त्या दिवशी आईनं माझ्या हातून खायला पहिल्यांदा तोंड उघडलं होतं." ती समोर उभ्या असलेल्या गाडीच्या पाटीकडे बघत होती. "महिनाभर तोंड मिटून घ्यायची. त्या सकाळी मी चमचा लावला आणि तिनं आपणहून तोंड उघडलं. माझ्याकडे बघून. मला इतका आनंद झाला, मॅडम. वाटलं, तिनं मला ओळखलं, स्वीकारलं. मी लगेच दुसरा घास दिला. पहिला गिळलाय का, बघितलंच नाही. ताई नेहमी गळ्याला बोट लावून बघायची आणि मग दुसरा द्यायची. मला तिनं शिकवलं होतं. मी आनंदात विसरले."

मी तिचा हात धरला. तो थंडगार होता, भर दुपारी.

"ताईला माहीत नाही," ती म्हणाली. "मी सांगेन तिला, माझं मी. तोवर तुम्ही सांगू नका."

"नाही सांगणार."

गाडी लागली. चढताना ती थांबली, काहीतरी म्हणायचं होतं तिला, पण मागून लोक ढकलत होते. खिडकीतून तिनं हात केला.

तेव्हापासून ते माझ्याजवळ राहिलं. थोरली यायची, चहा घ्यायची, आईच्या आठवणी सांगायची. एकदा म्हणाली, "धाकटीच्या हातनं आईनं शेवटपर्यंत खाल्लंच न्हाई बिचारीनं, जबरदस्तीनं भरवावं लागायचं." मी कप उचलून आत गेले. नळ सोडून तसाच वाहू दिला, आणि पाण्याच्या आवाजात उभी राहिले. वर्गात उभी राहिले की तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या गळ्याकडे नजर जायची. कुणीही असली तरी. घास गिळला का, म्हणून.

या उन्हाळ्यात एका दुपारी थोरलीचा फोन आला. नुसतं हॅलो म्हणाली. मागे घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"मॅडम, धाकटी आलीया. तिनं मला सांगितलं. भाताचं."

मी खुर्ची ओढून बसले.

"तुमाला म्हाईत हुतं, व्हय?"

"हो."

"किती वर्सं?"

"चार."

मला वाटलं आता ती फोन ठेवेल. मी तयार होते त्याला.

"बरं झालं," ती म्हणाली. "एकलीच्याच डोक्यात न्हाई ऱ्हायलं तिच्या." पुढे म्हणाली, "मला राग आला हुता, मॅडम. दोन दिस बोलले न्हाई तिच्याशी. मग सकाळी उठले तर ती चुलीम्होरं बसून रडत हुती. मी तिला जेवाय वाढलं. तिला घास गिळंना. मग मी भरवलं. येवढ्या मोठ्या बाईला. जवळ बसून भरवलं."

"आता कशी आहे ती?"

"झोपलीया," थोरली म्हणाली. "आज तिची गाडी हुती पुण्याची. मी जाऊ दिली न्हाई."